साठवलेल्या पारपटलाचे रोपण

मरणोत्तर नेत्रदानातून मिळालेले आणि नेत्रपेढीत जतन केलेले पारपटल (बुबुळावरचा काचेसारखा पडदा, स्वच्छमंडल) रुग्णाच्या डोळ्यात बसवण्याची शस्त्रक्रिया.

हे कलम स्वच्छ राहील की धुरकटेल, ते मुख्यतः त्याच्या आतल्या बाजूच्या अंतःस्तरावर ठरते. हा स्तर जेमतेम एका पेशीच्या जाडीचा असतो. सूक्ष्मदर्शकाखाली मधाच्या पोळ्यासारख्या दिसणाऱ्या त्याच्या षट्कोनी पेशी पारपटलात झिरपणारे पाणी सतत उपसत असतात. माणसात मेलेल्या पेशीच्या जागी नवी येत नाही. शेजारच्या पेशी पसरून ती जागा झाकतात. प्रौढ डोळ्यात दर चौरस मिलिमीटरला साधारण २,५०० पेशी असतात. त्या ५००च्या आसपास उरल्या की उपसा अपुरा पडतो. अशा रुग्णाला आधी फक्त सकाळी उठल्यावर धूसर दिसते आणि दुपारपर्यंत निवळते. पुढे ते निवळतच नाही.

एडुआर्ड झिर्म यांनी १९०५ मध्ये ओलोमोउत्स येथे पहिले यशस्वी रोपण केले, तेव्हा साठवणीचा प्रश्नच नव्हता; इजेमुळे काढावा लागलेल्या एका मुलाच्या डोळ्यातले पारपटल त्यांनी लगेच वापरले. मृताचे, थंडीत ठेवलेले पारपटलही चालते हे १९३०च्या दशकात ओडेसात व्लादिमीर फिलातोव्ह यांनी दाखवले. १९७४च्या मॅकेरी-कॉफमन या साठवणीच्या द्रवात ४° सेल्सिअसला ते सुमारे चार दिवस टिकू लागले; नंतरच्या द्रवांत चौदा दिवस. युरोपात प्रचलित असलेल्या उबदार संवर्धनात (३१ ते ३७°) चार आठवडेही मिळतात, आणि तेवढ्या अवधीत जंतुसंसर्ग आधीच लक्षात येतो.

साठवणीचे दिवस वाढले की यश किती घटते? अमेरिकेत १,३३० डोळ्यांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पारपटलाचा फक्त अंतःस्तरासह मागचा थर बदलला होता. सात दिवसांपर्यंत साठवलेली ९५.३ टक्के, तर आठ ते चौदा दिवस साठवलेली ९२.१ टक्के कलमे तीन वर्षांनी टिकून होती. घट मुख्यतः शेवटच्या दोन-तीन दिवसांतली. त्यामुळे आठवडाभर ठेवलेले पारपटल ‘शिळे’ म्हणून नाकारणे चूकच. दात्याच्या वयाचेही तसेच: पूर्ण जाडीच्या रोपणात दहा वर्षांनी ६५ वर्षांपर्यंतच्या दात्यांची ७७ टक्के, तर ६६ ते ७५ वयाच्या दात्यांची ७१ टक्के कलमे टिकली. मात्र स्वच्छ राहिलेल्या कलमांतही तोवर तीन चतुर्थांशांहून अधिक पेशी गेलेल्या होत्या.

रुग्णाचा मूळ आजार याहून मोठा फरक पाडतो. शंकूसारख्या पुढे आलेल्या पारपटलात निकाल उत्तम लागतात. रक्तवाहिन्या शिरलेल्या किंवा आधी कलम नाकारलेल्या डोळ्यात ते बरेच खालावतात. ग्लिसरिनमध्ये ठेवलेल्या पारपटलात जिवंत पेशी उरत नाहीत, तरी व्रण फुटून भोक पडलेला डोळा तातडीने सांधायला ते पुरते.