बिडाची कढई, गरम हवा की ड्रम? घरी कॉफी भाजण्याआधी

कच्च्या कॉफीचा दाणा नाकाशी धरला तर कॉफीचा वास येतच नाही. दाणा हिरवट-करडा आणि टणक असतो, त्याला सुकलेल्या गवतासारखा वास असतो. आपण ज्याला कॉफीचा वास म्हणतो तो जवळजवळ सगळा आचेवर, दहा-बारा मिनिटांत तयार होतो. म्हणून घरी कॉफी भाजायची ठरवली की पहिला प्रश्न यंत्राचा येतो. इथे देवगडात मला ओळखीची माणसं हेच विचारतात: रोस्टर कोणता घेऊ? मी सांगतो, किंमत आणि बटणं नंतर बघा. आधी त्या यंत्रात उष्णता दाण्यापर्यंत कशी पोचते ते समजून घ्या, आणि ते आपल्या घरच्या विजेवर नीट चालेल का ते तपासा.

त्यासाठी दाण्याच्या आत काय घडतं ते माहीत हवं. कच्च्या दाण्यात साधारण १० ते १२ टक्के पाणी असतं. सुरुवातीची चार-पाच मिनिटं बरीचशी उष्णता हे पाणी घालवण्यात खर्च होते. दाणा हिरव्याचा पिवळा होतो आणि गवताचा वास जाऊन भाजल्या धान्याचा वास येऊ लागतो. तापमान १५० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की दाण्यातल्या शर्करा आणि अमिनो आम्लं यांच्यातली अभिक्रिया जोर धरते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय मायार यांनी १९१२ साली ती मांडली, म्हणून तिला मायार अभिक्रिया म्हणतात. भाकरीवर पडणारे तपकिरी डाग, थालीपिठाच्या भाजणीचा खमंगपणा, वाटपासाठी भाजलेल्या खोबऱ्याचा रंग, हे सगळं तिचंच काम.

दरम्यान आत वाफ आणि कार्बन डायऑक्साइड कोंडत जातात. दाण्याचं तापमान १९६ अंशांच्या जवळपास पोचलं की तो दाब सहन न होऊन दाणा फुटतो. भाताच्या लाह्या फुटाव्यात तसा ठसठशीत आवाज येतो आणि दाणा फुगतो. ही पहिली तडतड. इथून पुढे ती पिण्याजोगी कॉफी असते. तडतड सुरू झाल्यावर मिनिटभरात थांबलात तर फळासारखा आंबटपणा राहतो, आणखी एखाद-दोन मिनिटं दिलीत तर गोडवा आणि जडपणा वाढतो. साधारण २२५ अंशांना दुसरी तडतड येते. ती बारीक असते, फोडणीतल्या मोहरीसारखी. दाण्याच्या पेशींच्या भिंती मोडतात आणि तेल पृष्ठभागावर येऊ लागतं. त्यानंतर कडवटपणा आणि धूर झपाट्याने वाढतात. या सगळ्यात वजन १२ ते २० टक्के घटतं, म्हणजे १०० ग्रॅम कच्च्या दाण्यांची हातात येते साधारण ८५ ग्रॅम कॉफी.

शाळेत आपण उष्णतेच्या प्रवासाचे तीन मार्ग शिकलो: वहन, अभिसरण, प्रारण. कुठल्या रोस्टरमध्ये यातलं काय किती आहे, यावर तो कसा वागणार ते ठरतं.

माझा सल्ला असा, की पैसे खर्च करण्याआधी चार-पाच वेळा बिडाच्या कढईत भाजून बघा. घावन-आंबोळीमुळे कोकणातल्या घरांना बीड नवं नाही. जाड बीड उष्णता धरून ठेवतं, त्यामुळे शंभर ग्रॅम थंड दाणे टाकले तरी ते एकदम निवत नाही. कढईत मुख्य काम वहनाचं. दाण्याची एक बाजू सपाट असते, ती तापल्या बिडावर टेकून राहिली की तिथे काळा डाग पडतो आणि पाठ मात्र फिकी राहते. म्हणून कालथा क्षणभरही थांबवायचा नाही. गोल दाण्याची पीबेरी मिळाली तर ती कढईत छान घरंगळते. नॉन-स्टिक भांडं या कामाला अजिबात वापरू नका, त्याचा थर एवढ्या तापमानासाठी नसतो आणि फार तापला की त्यातून घातक वायू निघतात. कढईतली कॉफी कधीच पूर्ण एकसारखी होत नाही. पण रंग कसा बदलतो, वास कुठे वळतो, तडतड कशी ऐकू येते हे ती जितकं उघड दाखवते तितकं कुठलंही बंद यंत्र दाखवत नाही.

कढईवर हात बसला की यंत्राकडे वळावं. घरगुती यंत्रांचे ढोबळ दोन प्रकार आहेत. पहिल्यात खालून तापलेल्या हवेचा झोत येतो आणि दाणे त्यावर उसळत राहतात. अमेरिकेतले रासायनिक अभियंता मायकेल सिव्हेट्झ यांनी १९७६ साली अशा भट्टीचं पेटंट घेतलं. इथे जवळजवळ सगळं काम अभिसरणाचं. प्रत्येक दाण्याला चारी बाजूंनी हवा लागते, म्हणून रंग एकसारखा येतो, आणि फोलपटं आपोआप उडून वरच्या जाळीत जमतात. काचेतून दाणे दिसतात, आठ-दहा मिनिटांत काम होतं. उणीव दोन: एका वेळी साधारण शंभर ते दोनशे ग्रॅमच भाजता येतात आणि पंख्याच्या आवाजात पहिली तडतड कान देऊन ऐकावी लागते. लाह्यांसाठीचं गरम हवेचं यंत्रही याच जातीचं. स्वस्तात शिकायला ते चालेल, पण हवा बाजूच्या फटींतून आत येणारं हवं. तळाशी जाळी असलेल्या यंत्रात फोलपटं तापल्या तारेवर पडून पेट घेऊ शकतात.

दुसरा प्रकार फिरत्या ड्रमचा. यात तापल्या पत्र्याचं वहन, आतल्या हवेचं अभिसरण आणि तारेचं प्रारण अशी सरमिसळ असते. वेळ जास्त लागतो, कॉफी जरा जड उतरते, एका वेळी पाव ते अर्धा किलोही निघते. पण ड्रम तापायला आणि निवायला वेळ घेतो. तुम्ही आच कमी करता आणि दाणे मिनिटभर जुन्याच वेगाने पुढे जात राहतात. नवशिक्याची कॉफी बहुतेक वेळा इथेच करपते. म्हणून पहिलं यंत्र म्हणून मी गरम हवेचंच सुचवतो. दोघं मिळून दिवसाला तीस ग्रॅम कॉफी पीत असतील तर शंभर ग्रॅमचा घाणा तीन दिवस जवळजवळ पुरतो. आठवड्यातून दोन-तीनदा भाजायची तयारी असेल तर मोठ्या ड्रमची गरजच पडत नाही.

आता विजेबद्दल, कारण कोकणात निम्मी फजिती तिथे होते. तापणाऱ्या तारेची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टला १,४०० वॅट देणारी तार २०० व्होल्टला साधारण १,०६० वॅटच देते, म्हणजे जवळपास पाव उष्णता गायब. एका पावसाळी संध्याकाळी माझ्याकडे नेमकं हेच झालं. पहिली तडतड नेहमीपेक्षा चार मिनिटं उशिरा आली, तीही विरळ. रंग ठीक दिसत होता, पण कॉफी उकडल्यासारखी सपक लागली. तेव्हापासून मी भाजायच्या वेळी व्होल्टमीटर बघतो आणि सगळ्यांच्या पाण्याच्या मोटारी चालू असण्याची वेळ टाळतो. दिवे सारखे मिणमिणत असतील तर गॅसच्या शेगडीवर ठेवून हाताने फिरवायचा छोटा ड्रम घ्या. दक्षिणेतल्या जुन्या कॉफीबाज घरांत असे ड्रम वापरात होते, वीज गेली तरी त्यांचं काम अडत नाही.

परदेशातून कोणी यंत्र आणणार असेल तर त्याच्या पाठीवरची पट्टी आधी वाचा. अमेरिकेतलं यंत्र १२० व्होल्टचं असतं. ते थेट आपल्या प्लगला लावलं तर तारेवर साडेतीन पटीहून जास्त शक्ती येते आणि ती जळते. १,५०० वॅटच्या यंत्राला साडेसहा अँपियर लागतात, म्हणजे गिझरसाठी असतो तसा १६ अँपियरचा पॉइंट हवा. खाऱ्या हवेत साधा पत्रा लवकर गंजतो, तेव्हा आतला भाग स्टेनलेस स्टीलचा आहे का तेही विचारा.

हवेतला ओलावाही लक्षात ठेवावा लागतो. गलबतांतून युरोपला जाणारी हिंदुस्थानची कॉफी महिनोन् महिने दमट हवेत फुगून फिकी पडायची आणि तिचा आंबटपणा मावळायचा. प्रवास लवकर होऊ लागल्यावर ती चव हरवली, म्हणून मंगळुरूकडे मोसमी वाऱ्यात दाणे मुद्दाम पसरून ती परत आणली जाते. तीच ही मान्सून्ड मलबार. पण तिथे दाणे सतत हलवून, नजरेखाली ठेवून ते होतं. आपल्या फडताळात उघड्या राहिलेल्या दाण्यांना बुरशीच येते. पावसाळ्यापुरते कच्चे दाणे थोडेच आणा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. चिकमगळूर किंवा कोडगूची, प्लांटेशन ए दर्जाची धुतलेली, म्हणजे फळाचा गर काढून वाळवलेली अरेबिका सुरुवातीला घ्यावी. फळासकट वाळवलेल्या चेरीपेक्षा तिचे दाणे एकसारखे भाजले जातात आणि फोलपटं कमी निघतात.

भाजणं आच बंद केल्यावर संपत नाही, दाणा स्वतःच्या उष्णतेने आत शिजत राहतो. तो तीन-चार मिनिटांत निवला पाहिजे. यंत्रात निववायची सोय असली तरी मी दाणे सुपात घेतो आणि पडवीत पाखडतो. वाऱ्याने ते निवतातही आणि उरलीसुरली फोलपटं उडूनही जातात. भाजताना धूर होतोच, तेव्हा यंत्रही पडवीतच, पडदे-कागदांपासून लांब ठेवा आणि ते चालू असताना तिथून हलू नका.

ताज्या दाण्यातून कार्बन डायऑक्साइड दिवसभर भरपूर बाहेर पडत असतो. लगेच काचेची बरणी घट्ट लावली तर आत दाब साठतो, उघडी ठेवली तर आपल्या हवेत दाणे पापडासारखे सादळतात. पहिला दिवस झाकण सैल ठेवा, मग घट्ट करा. दुसऱ्या दिवशी एक कप करा, चौथ्या दिवशी पुन्हा एक, आणि दोन्हींची चव भाजण्याच्या वेळेशेजारी वहीत लिहून ठेवा.