हळवी सिस्टर आणि वाहून गेलेली सिस्टर

भातलावणीच्या दिवसांत कोकणातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुरसं हा विषारी साप चावलेला माणूस येतो. फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासं होतं. ते तपासायला सिस्टर काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतात, मग नळी तिरकी करून बघतात. रक्त पातळच राहिलं, तर प्रतिविष सुरू. तेवढा वेळ बायको दाराशी उभी. "सिस्टर, वाचतील ना हे?"

तिची भीती सिस्टरला आतून लागणं वेगळं, आणि त्या भीतीने सिस्टरच घाबरीघुबरी होणं वेगळं. डोळे दोन्हींत भरतात. म्हणून वरिष्ठ सरसकट सांगतात, "मनाला लावून घेऊ नकोस." हा सल्ला मला अर्धवट वाटतो.

लक्ष कुठे आहे ते बघावं. हळवी सिस्टर म्हणते, "आत्ताच नाही सांगता येत, ताई. मलाही काळजी वाटतेय. नळी बघितली की आधी तुम्हाला सांगते." सगळं ठाऊक असल्याचा आव ती सोडते, लक्ष त्या बाईवर असतं. वाहून गेलेलीचं लक्ष स्वतःच्या तगमगीवर. ती तगमग थांबावी म्हणून ती "काही होत नाही" म्हणते, नाहीतर दाराकडे फिरकतच नाही. खेकसणारी सिस्टर कोरडी असेलच असं नाही. कितीदा तरी ती ही वाहून गेलेलीच असते. आणि रात्रपाळीला एकटीच असली, तर हळवीसुद्धा पहाटेपर्यंत वाहून जाऊ शकते.

तानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी या मेंदू-संशोधकांच्या प्रयोगांत लोकांनी आधी दुसऱ्याचं दुःख स्वतःत उतरवून घेण्याचा सराव केला. त्यांचा त्रास वाढला, मेंदूतले वेदनेशी जोडलेले भाग जागे झाले. मग त्याच लोकांनी करुणेचा, म्हणजे समोरच्याचं भलं चिंतण्याचा सराव केला. आता सकारात्मक भावना वाढली आणि मेंदूतलं वेगळंच जाळं कामाला लागलं. म्हणजे उपाय मन घट्ट करणं हा नाही.

हळवेपणाने हात थरथरतील, ही भीती मात्र रास्त आहे. प्रतिविषाची रिअ‍ॅक्शन येऊ शकते. तिच्यावरचं औषध, अ‍ॅड्रेनलिन, हाताशी ठेवून नाडी, रक्तदाब, श्वास बघत राहावं लागतं. तिथे रडून चालत नाही. पण रिअ‍ॅक्शनची सुरुवात बऱ्याचदा साध्या खाजेने होते, आणि "सिस्टर, अंगाला खाज सुटलीय" हे पेशंट खेकसणारीला सांगायला कचरतो, हळवीला लगेच सांगतो.