घरगुती ईव्ही चार्जर तापणं

घरच्या १६ अँपिअरच्या पॉवर सॉकेटवर इलेक्ट्रिक गाडी (ईव्ही) चार्जिंगला लावली की चार्जरचा डबा थोडा कोमट होतो, ते चालतं, पण प्लगला हात टेकवत नाही इतकं गरम झालं तर तो बिघाड समजायचा. लोक चार्जरला दोष देतात, खरं दुखणं बऱ्याचदा सॉकेटमध्ये असतं. गिझर पंधरा-वीस मिनिटांत बंद होतो, गाडी मात्र रात्रभर सहा-आठ तास सलग करंट ओढते, त्यामुळे गिझरला वर्षानुवर्षं पुरलेला सॉकेट गाडीला पुरेलच असं नाही.

मागचा स्क्रू सैल, आतल्या पितळी पत्तीची पकड गेलेली, वायर बारीक, किंवा मध्ये एक्स्टेंशन बोर्ड, ही नेहमीची कारणं. जोडात नुसता ०.१ ओहमचा रोध आला तरी १५ अँपिअरला २२ वॅटच्या वर उष्णता तेवढ्याशा जागेत साठते, म्हणजे जवळपास २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्नच भिंतीत रात्रभर चालू ठेवल्यासारखं! तापून पत्ती अजून ढिली पडते, मग अजून तापते.

आणि एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आहे ना, मग काळजी कसली, हा समज फार घातक आहे. एमसीबी करंट मर्यादेबाहेर गेला तरच पडतो, सैल जोडात करंट वाढतच नाही, आणि आरसीसीबी (शॉकपासून वाचवणारा स्विच) फक्त करंटची जमिनीकडे होणारी गळती बघतो, त्यामुळे प्लास्टिक वितळलं तरी दोन्ही गप्प. म्हणून प्लग काढल्यावर भोकांभोवती तपकिरी वलय, पिनवर काळपट डाग किंवा जळक्या माशासारखा वास, यांवर लक्ष ठेवा.

गरम प्लग चार्जिंग चालू असताना ओढू नका, ठिणगी उडते. आधी गाडीतून किंवा ॲपवरून चार्जिंग थांबवा, मग एमसीबी खाली, थंड झाल्यावर प्लग काढा. एमसीबीपर्यंत जाणं धोक्याचं असेल किंवा धूर-ज्वाळा दिसल्या तर पाणी मारत बसू नका, सगळ्यांना बाहेर काढून १०१ ला फोन करा.

डाग पडलेला सॉकेट घासून परत वापरायचा नाही, इलेक्ट्रिशियनकडून नवा बसवून घ्या, मीटरपासून वेगळी ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी-आरसीसीबी आणि अर्थिंग तपासलेलं, आणि प्लगच्या पिना काळ्या पडल्या असतील तर प्लगही बदला नाहीतर नवा सॉकेटही तसाच जळेल. नव्या सॉकेटवर पहिल्या रात्री अर्ध्या तासाने एकदा प्लगला हात लावून बघा. चार्जरमध्ये करंट कमी करायची सोय असेल तर १६ वरून ८ अँपिअर केल्यास जोडातली उष्णता पावपट होते, चार्जिंगला दुप्पट वेळ लागतो एवढंच, पण खराब सॉकेटवर हा इलाज नाही.