चांदोलीची एक दिवसाची सहल : निघण्याआधी एवढं वाचा

नमस्कार मंडळी,

बुकिंगसाठी फोन आला की निम्मे लोक विचारतात, "चांदोलीत ज्वालामुखीचं तळं आहे म्हणे?" पैसे घेण्याआधीच सांगून टाकतो : ज्वालामुखीचं तोंड तिथे नाही. (लोणारलाही नाही, ते उल्केच्या आघातानं झालंय.) दगड मात्र सगळा लाव्हाचाच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा उतू जात राहिला, थरावर थर निवत गेला, त्याच दगडातून हा सह्याद्री कोरला गेला. तळं म्हणजे वसंतसागर. वारणेवर मातीचं धरण घालून अडवलेलं पाणी, साठा ३४.४० टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट). हरिपूरच्या संगमावर कृष्णेला मिळते तीच ही वारणा.

पहाटे पाचला सांगलीतून निघायचं. इस्लामपूर, पेठ नाका, शिराळा, कोकरूड करत वारणावती. चहा शिराळ्यात.

वाटेत रस्त्यासाठी फोडलेली दरड दिसली की आम्ही गाडी थांबवतो. दोन मिनिटं उतरा आणि त्या काळ्या दगडावरून हात फिरवा. वाटाण्याएवढी भोकं लागतील. लाव्हा निवताना आत अडकलेल्या वायूचे ते बुडबुडे. काही भोकांत नंतर पांढरे स्फटिक भरलेत, पोरांना ती खडीसाखर वाटते. वर झोळंबीच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, गेलं की पायाखालचा रंगच बदलतो, तांबडा जांभा लागतो. तोही मुळात हाच काळा दगड. लाखो वर्षांच्या पावसानं त्यातलं बरंच काही धुऊन नेलं, लोह आणि ॲल्युमिनियम तेवढं मागे राहिलं. वर माती जेमतेम, म्हणून मोठं झाड मूळ धरत नाही. हवा स्वच्छ असली तर डोंगरांच्या बेचक्यांत शिरलेलं पाणी इथून बघत बसावं. आमच्या मते सहलीचे पैसे इथेच वसूल होतात.

वाघ दिसेल का? त्या आशेवर येऊ नका. २००४ साली हे राष्ट्रीय उद्यान झालं, ३१७.६७ चौरस किलोमीटरचं. २०१० पासून कोयना अभयारण्यासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. पण जंगल दाट, जनावर बुजरं. नशिबात असेल तर गवा दिसतो : काळाभोर देह आणि पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे. शेकरू बघायचं तर मान वर ठेवा.

मध्येच घराची जोती आणि भोवती आंबा-फणस दिसले, तर ती उठलेल्या गावांची खूण. ती माणसं आता आपल्याच भागात वसलीत. त्या जोत्यांवर बसून पत्ते कुटू नका, एवढी विनंती. एकदा एका गटानं तिथेच स्पीकर लावला होता. तेव्हापासून स्पीकर आम्ही गाडीतच ठेवून घेतो.

वनखात्याचं प्रवेशशुल्क आणि आतल्या गाडीचं भाडं आमच्या दरात धरलेलं नाही, ते तिथेच भरायचं. ओळखपत्र जवळ ठेवा. पाण्यात उतरायचं नाही, पोहता येत असलं तरी. जेवण आमचं : भाकरी, खर्डा, पिठलं आणि दही. भडक कपडे नकोत, बूट हवेत. जांभ्यावर चप्पल टिकत नाही. तुटली तर आमच्याकडे सुतळी असते, दुसरी चप्पल नसते.

पावसाळ्यात उद्यान बंद असतं, तेव्हा सहलही बंद. बुकिंग चार दिवस आधी करा. परत यायला रात्रीचे आठ-साडेआठ होतात. आयर्विन पुलाजवळ उतरायचं असेल तर निघतानाच सांगून ठेवा.