पॅनिक अटॅक आणि मधला कोरा वेळ : पार्श्वभूमी

छातीत धडधड, घशाला कोरड, हातापायाला मुंग्या ही पॅनिक अटॅकची बाजू आता कोल्हापुरात बऱ्याच घरांना ठाऊक आहे. विस्मरणाचं तसं नाही. "व्हीनस कॉर्नरला गाडी बाजूला घेतली एवढं आठवतंय, इथं कुणी आणलं ते न्हाई," असं पेशंट सांगतो. ईसीजी नॉर्मल येतो, नातेवाईक 'गॅस झाला असंल' म्हणून सुटकेचा श्वास टाकतात आणि पेशंटच्या डोक्यात नवी भीती शिरते: मेंदूत गाठबीठ तर नाही ना?

या झटक्याची वर्णनं जुनी आहेत. 1871 मध्ये अमेरिकी यादवी युद्धातल्या सैनिकांच्या अशा धडधडीवर एका डॉक्टरने लिहिलं, पण दोष हृदयाला दिला. 1895 मध्ये व्हिएन्नात चिंतेचा आजार सरसकट थकव्यापासून वेगळा काढला गेला. विस्मरणाचा अभ्यास तेव्हा पॅरिसमध्ये, उन्मादाच्या म्हणजे हिस्टेरियाच्या नावाखाली चालू होता.

खरी गोची 1980 ची. त्या वर्षी आलेल्या मानसिक आजारांच्या अमेरिकी निदानपुस्तिकेने पॅनिकला पहिल्यांदा स्वतंत्र आजार मानलं. त्यातून उपचारांना दिशा मिळाली, हे कबूल. पण त्याच पुस्तिकेने जुन्या उन्मादाचे तुकडे केले आणि मानसिक विस्मरण दुसऱ्याच प्रकरणात टाकलं. पॅनिकच्या आजच्या यादीत 13 लक्षणं आहेत. घाम आहे, थरथर आहे, आजूबाजूचं सगळं खोटं वाटणं आहे, वेड लागेल अशी धास्तीही आहे. आठवण पुसणं नाही. समर्थक म्हणतात, ठीकच केलं, कारण विस्मरण ठळक असेल तर डॉक्टरने आधी फिट, साखर उतरणं, डोक्याला मार हे तपासावं. मुद्दा बरोबर आहे. तरी त्याची किंमत पेशंटने मोजली असं वाटतं. यादीत नाही म्हणून ओपीडीत कुणी विचारत नाही, आणि कुणी विचारत नाही म्हणून पेशंट सांगत नाही.

ताणाच्या संप्रेरकांवरच्या पुढच्या संशोधनाने बरंच उलगडलं. झटक्यात सगळं लक्ष छातीवर आणि श्वासावर खिळतं, बाहेरचं फारसं टिपलंच जात नाही. जे नोंदलंच गेलं नाही, ते आठवणार कुठून? भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूचा रक्तपुरवठा आखडतो आणि गरगरतं, ते वेगळंच.

दुसरं कारण खिशातच असतं. 1960 पासून बाजारात आलेल्या शामक गोळ्यांच्या गटाने झटका आवरतो, पण गोळीनंतरचा काही वेळ लक्षात राहत नाही. ऑपरेशनआधी यातली काही औषधं देताना हा परिणाम सोयीचाच ठरतो. यातल्या बऱ्याच गोळ्या 2014 पासून देशभर कडक नियमाखाली आल्या. चिठ्ठी हवी, दुकानदाराने नोंद तीन वर्षं जपायची. तरीही शेजारच्या काकूंची अर्धी गोळी घेणारे आहेतच. तेव्हा आठवण झटक्याने गेली की गोळीने, हे आधी बघावं.

2019 च्या महापुरात पंचगंगा 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून 55 फुटांच्याही वर गेली. 2021 ला पुन्हा पाणी आलं. पावसाची संततधार लागली की घालमेल सुरू होणारी माणसं नदीकाठच्या गावांत आजही भेटतात. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना सल्ला आता मागे पडला. दमा किंवा हृदयाचा झटका असेल तर हा सल्ला जिवावर बेतू शकतो. त्याऐवजी श्वास सावकाश सोडायचा, पाय जमिनीला टेकवायचे, समोरच्या वस्तूंची नावं मोठ्याने घ्यायची. सोबतच्याने "आठव की!" म्हणून मागे लागू नये. काय घडलं ते साध्या शब्दांत सांगावं आणि वेळ मोबाइलवर टिपून ठेवावी, डॉक्टरला तीच उपयोगी पडते. जीभ चावली, कपड्यात लघवी झाली, नंतर बराच वेळ गोंधळ राहिला किंवा असं पहिल्यांदाच झालं, तर तपासणी त्याच दिवशी. तोवर गाडीची किल्ली दुसऱ्याकडे. 14416 हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी मोफत क्रमांक 2022 पासून सुरू आहे, मराठीत बोलता येतं.