बंद यादी: ब्रिटनच्या युरोपीय निवडणुकांमागचं भांडण

१९७३ मध्ये ब्रिटन युरोपीय समुदायात (आजच्या युरोपीय संघात) गेला, तेव्हा युरोपीय संसदेवर लंडनच्या संसदेतलेच सदस्य पाठवले जायचे. थेट मतदान खरं तर १९७८ मध्ये व्हायचं होतं. ब्रिटनचा कायदा वेळेत झाला नाही आणि बाकीचे आठ देशही जून १९७९ पर्यंत खोळंबले. अल्पमतातल्या सरकारला टेकू देणाऱ्या छोट्या लिबरल पक्षाला प्रमाणशीर पद्धत हवी होती, म्हणजे जितकी मतं त्या प्रमाणात जागा. डिसेंबर १९७७ मध्ये खासदारांनी ती पाडली. उत्तर आयर्लंडच्या तीन जागांपुरती पसंतीक्रमाची पद्धत आली, तीही तिथल्या कॅथलिक अल्पसंख्याकांची एक जागा निघावी म्हणून. बाकी सगळीकडे आपल्यासारखंच: ज्याला जास्त मतं, तो निवडून. १९८९ मध्ये हरित पक्षाला जवळपास १५ टक्के मतं पडली आणि जागा एकही नाही.

१९९७ मध्ये मजूर पक्ष सत्तेवर आल्यानंतर प्रमाणशीर पद्धतीला फारसा अडसर उरला नव्हता. अडलं ते ‘यादी’ या शब्दावर. सरकारने आणली ती बंद यादी: मतपत्रिकेवर पक्षाचं नाव, खाली बारीक अक्षरांत उमेदवारांची नावं आणि फुली मारायला चौकोन एकच, पक्षापुढचा. नावं वाचायची, निवडायची नाहीत. पहिला कोण आणि सातवा कोण, हे पक्षाने आधीच ठरवलेलं. मतांच्या प्रमाणात पक्षाला जितक्या जागा, तितके यादीतले वरचे लोक निवडून. आपल्याकडच्या तिकीटवाटपात निदान तिकीट मिळाल्यावर लोकांपुढे जावं लागतं. इथे यादीतल्या क्रमांकातच बहुतेकांचा निकाल लागून जायचा. सत्ताधारी पक्षातल्या ज्या सदस्यांनी याविरुद्ध जाहीर तोंड उघडलं, त्यांच्यातल्या काहींवर कारवाई झाली.

विरोधकांना खुली यादी हवी होती, म्हणजे मतदाराला पक्षातलाच हवा तो माणूस उचलता यावा. सरकारने बेल्जियमचा दाखला उलटा फिरवला: तिथे नावापुढे खूण करता येते, तरी जास्त वैयक्तिक मतं मिळवणारा कधी कधी पडतो आणि कमी मतांचा वरच्या क्रमांकामुळे येतो. मुद्दा खोटा नव्हता, पण तो बेल्जियमच्या पद्धतीतला दोष झाला. मतदाराला नाव निवडूच द्यायचं नाही, याचं उत्तर त्यात नव्हतं. १९९८ च्या शरदात वरिष्ठ सभागृहाने विधेयक पाच वेळा परत पाठवलं. अधिवेशन संपलं, विधेयक बारगळलं, लगेच पुन्हा आलं आणि वरिष्ठांनी तेही फेटाळलं. शेवटी त्यांची संमती बाजूला ठेवणारा कायदा वापरावा लागला. १९११ पासून हे अस्त्र तोवर चारदाच बाहेर निघालं होतं. जानेवारी १९९९ मध्ये कायदा झाला. उत्तर आयर्लंड सोडून देशाचे ११ विभाग पडले, सर्वांत लहान चार जागांचा, मोठा अकराचा. जूनमध्ये जेमतेम २४ टक्के लोक मतदानाला आले. यादी बंद असल्याने पुढे एखादी जागा रिकामी झाली, तरी पोटनिवडणूक नाही. खालचा माणूस वर सरकायचा.

२००४ मध्ये जिब्राल्टर, म्हणजे स्पेनच्या दक्षिण टोकाला असलेला ब्रिटनचा छोटा प्रदेश, मतदानासाठी नैऋत्य इंग्लंडला जोडला गेला. तिथे राष्ट्रकुलातल्या नागरिकांनाही मत मिळायचं म्हणून स्पेन न्यायालयात गेला आणि २००६ मध्ये हरला. हीच तरतूद ब्रिटनभर होती, त्यामुळे लेस्टरमध्ये राहणारा, भारतीय पासपोर्टवरचा मराठी माणूसही युरोपीय संसदेसाठी मत देऊ शकायचा. २३ मे २०१९ च्या शेवटच्या निवडणुकीत मात्र युरोपीय संघाच्याच अनेक नागरिकांना मतदान केंद्रावर आपल्या नावावर रेघ मारलेली दिसली. त्यांच्यासाठी एक जादा फॉर्म होता, तो मुदतीत पोचला नव्हता.