केबलचा पीळ आणि दुसरा फ्लॉपी ड्राइव्ह

निफाडच्या एखाद्या द्राक्ष बागायतदाराचे १९९० च्या सुमाराचे हिशेब सव्वापाच इंची फ्लॉपीवर (जुन्या चुंबकी चकतीवर) असतील, तर ती वाचायला जुन्या पीसीत साडेतीन इंचीच्या जोडीला सव्वापाच इंची ड्राइव्ह बसवावा लागतो. काम अर्ध्या तासाचं आहे, पण एक चूक डेटा पुसून टाकू शकते.

फ्लॉपीची केबल चपटी, ३४ तारांची. टोकाकडच्या कनेक्टरआधी तिच्या १० ते १६ क्रमांकाच्या सात तारा पिळलेल्या दिसतात. ड्राइव्ह निवडणारी आणि मोटर फिरवणारी तार तिथे अदलाबदल होते. म्हणून पिळापलीकडचा ड्राइव्ह 'ए' आणि अलीकडचा 'बी'. दोन्हींचा जंपर (ड्राइव्हवरच्या दोन पिना जोडणारी छोटी टोपी) मात्र एकाच जागी, डीएस१ वर हवा (डीएस म्हणजे ड्राइव्ह सिलेक्ट, क्रमांक शून्यापासून मोजल्यास). 'बी'चा जंपर डीएस० वर राहिला, तर 'ए' वाचताना 'बी'चाही दिवा लागतो आणि दोघांची उत्तरं एकमेकांत मिसळतात.

पीसी बंद करून पिन सॉकेटमधून काढा, मगच झाकण उघडा. सव्वापाच इंचीला पॉवरचा मोठा चार तारांचा कनेक्टर लागतो. डेटा केबलची लाल कड एक नंबरच्या पिनकडे ठेवा. ड्राइव्हच्या पट्टीवर दोन नंबरच्या जवळ खाच असते, ती खूण. शेवटी बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) 'बी'समोर १.२ एमबी किंवा ३६० केबी निवडा.

सुरू केल्यावर दिवा विझतच नसेल, तर केबल उलटी आहे. केबलच्या विषम तारा अर्थला जोडलेल्या असतात. केबल उलटली की ड्राइव्हच्या सगळ्या सिग्नल पिना त्या तारांवर येतात, आणि त्यांत लिहिण्याचा सिग्नलही असतो. तेव्हा फ्लॉपी आत असेल, तर तिचा ट्रॅक (चकतीवरचं माहितीचं एक वर्तुळ) पुसला जाऊ शकतो. म्हणून पहिली चाचणी रिकाम्या किंवा निरुपयोगी फ्लॉपीवरच करा. मोलाच्या फ्लॉपीची कडेची खाच आधी अपारदर्शक चिकटपट्टीने बुजवा, म्हणजे तिच्यावर लिहिलं जात नाही. बऱ्याच ड्राइव्हमध्ये तिथे प्रकाश पाहणारा सेन्सर असतो आणि पारदर्शक सेलोटेप त्याला दिसत नाही.

नाशिकच्या पावसाळी दमटपणात ठेवलेल्या फ्लॉप्यांना बुरशी लागते. लांबट खिडकीतून चकती हाताने फिरवून पाहा. पांढरे डाग दिसले तर ती ड्राइव्हमध्ये घालू नका, कारण हेडला (चकती वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या टोकाला) चिकटलेली घाण पुढच्या फ्लॉपीवर ओरखडे काढते. मळलेलं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने हलक्या हाताने पुसा.

३६० केबीची फ्लॉपी १.२ एमबीच्या ड्राइव्हमध्ये वाचा, लिहू मात्र नका. त्याचं हेड अरुंद असल्याने जुन्या रुंद ट्रॅकच्या कडा तशाच राहतात आणि जुना ड्राइव्ह त्या वाचून गोंधळतो.